शेवटच्या पन्नास जणांचं काय झालं?

१९७९ साली टेक्सास राज्याच्या विधिमंडळाने ह्यूस्टनमधल्या सरकारी मेडिकल स्कूलला ऐनवेळी कळवलं की यंदा दीडशे नाही, दोनशे विद्यार्थी घ्या. निवड तोवर होऊन गेली होती. सुमारे आठशे जणांच्या मुलाखती झाल्या होत्या, क्रमवारी लागली होती आणि वरच्या साडेतीनशेंमधून दीडशे जागा भरल्याही होत्या. मधल्या फळीतली मुलं एव्हाना दुसरीकडे गेलेली. उरली होती ती यादीच्या तळाची, सातशे ते आठशे क्रमांकातली. त्यातल्या बहुतेकांना कुठेच प्रवेश मिळाला नव्हता. त्यातून पन्नास जण घेतले.

कॉलेजने पुढे दोन्ही गटांची तुलना केली. परीक्षा, वॉर्डातलं काम, पदवी, पदवीनंतरचं पहिलं वर्ष, कशातही सांगण्यासारखा फरक निघाला नाही. हे १९८७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. खरी बोचरी गोष्ट पुढेच आहे. ही मुलं यादीत खाली गेली होती ती मार्कांमुळे कमी आणि मुलाखत घेणाऱ्यांच्या मतामुळे जास्त. आम्ही सॉफ्टवेअरवाले असल्या तुलनेला ए/बी टेस्ट म्हणतो आणि ती करायला परवानगी मागत फिरतो. इथे आमदारांनी नकळत करून दिली!

हा किस्सा मला महत्त्वाचा वाटतो, कारण अमेरिकेत सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनाही अशाच मुलाखतीतून पारखलं जातं. तिथला नेहमीचा रस्ता लांबचा आहे. चार वर्षं कॉलेज, मग एमकॅट ही परीक्षा, मग चार वर्षं मेडिकल. पण काही ठिकाणी बारावीतच दोन्हींची जागा एकदम मिळते. याला बीएस-एमडी म्हणतात.

गंमत म्हणजे अठराव्या वर्षी मेडिकलला जाणं ही तिथे एकेकाळी नवलाची गोष्ट नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात गेल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. कॉलेजची पदवी नव्हती. होतं ते आपलं शिक्षण आणि हेतू सांगणारं एक पत्र. १८८६मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढे १९१०च्या फ्लेक्सनर अहवालाने सुमार मेडिकल कॉलेजांची लक्तरं वेशीवर टांगली, आधी कॉलेजचं शिक्षण हवंच असा आग्रह धरला, आणि तो दरवाजा हळूहळू बंद झाला. पुन्हा किलकिला झाला तो १९६१ साली. नॉर्थवेस्टर्न आणि बोस्टन या विद्यापीठांनी शाळेतून थेट निवड करून सहा वर्षांत डॉक्टर घडवायला सुरुवात केली. १९७१ साली मिझुरी विद्यापीठाचं कॅन्सस सिटीतलं मेडिकल स्कूल त्याच वाटेने गेलं. आता असे बहुतेक कोर्स सात किंवा आठ वर्षांचे असतात.

पण या दाराशी उभ्या असलेल्या मुलाकडे दाखवायला काय असतं? कॉलेजचे मार्क नाहीत, बहुतेकदा एमकॅटही नाही. शाळेत तर सगळेच पहिले आलेले. म्हणून साधारण जानेवारी ते मार्चमधल्या मुलाखतींना एवढं वजन येतं. समोर एक प्राध्यापक, कधी जोडीला मेडिकलचा विद्यार्थी, अर्धा तास. काही ठिकाणी त्यांना तुमचे मार्क मुद्दाम दाखवत नाहीत. डॉक्टरच का, नर्स का नाही? एवढ्या लहान वयात एवढी खात्री कशी? इथे नाही मिळालं तर?

माणूस पारखायची ही पद्धत धुतल्या तांदळासारखी नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथल्या अनेक मेडिकल स्कूलांनी ज्यू मुलांचा आकडा ठरवून खाली ठेवला. मार्कांनी ते जमणारं नव्हतं. 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व' हे शब्द तिथे कामी आले, आणि ते तपासायला मुलाखत होतीच.

यावरचा मला पटलेला तोडगा कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा. तिथल्या केव्हिन इवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक पद्धत मांडली. एका मोठ्या मुलाखतीऐवजी दहाएक छोट्या. दारावर प्रसंग लिहिलेला असतो, वाचायला दोन मिनिटं, आत आठ मिनिटं. घंटा वाजली की पुढची खोली, नवा परीक्षक. मागच्या खोलीत तुम्ही अडखळलात हे त्याला ठाऊक नसतं. एका माणसाचं मत तासभर ताणलं तरी ते एकाच माणसाचं राहतं. दहा जणांच्या स्वतंत्र मतांत एकाची नावड विरघळते. आता काही बीएस-एमडी कोर्सही ही पद्धत वापरतात, बाकीचे अजून अर्ध्या तासावर आहेत.

आपल्याकडे एमबीबीएसला नीटचा गुण आणि रँक, विषय संपला. मुलाखत म्हटलं की पुण्याच्या एएफएमसीचं नाव निघतं. सगळं एका परीक्षेवर टाकणं मला क्रूर वाटतं, पण नीटच्या पेपरला तुमचं आडनाव आवडत किंवा खटकत नाही, हेही खरंच.

न्यू जर्सीतली माझी मामेबहीण यंदा अशा मुलाखती देतेय. तिथे सात वर्षांचे असे कोर्स आहेत, आणि मराठी मंडळींच्या घरी त्यांची चर्चा भिशीसारखी नियमित चालते. व्हिडिओ कॉलवर मी सरावाचे प्रश्न विचारतो. आजोबांच्या आजारपणाचं उत्तर तिने इतकं घोटलंय की कुठे थांबायचं तेही ठरलेलं आहे. मी म्हटलं, हे जरा पाठ केल्यासारखं वाटतं.

"दादा, आजोबा खरंच आजारी होते," ती म्हणाली. "पण पाचव्यांदा सांगताना ते वेगळं कसं सांगू?"

तिची पहिली मुलाखत फेब्रुवारीत आहे. एकच परीक्षक, तीस मिनिटं.