पारसिकच्या डोंगराचे दप्तर

नवी मुंबईचा इतिहास सिडकोच्या स्थापनेपासून, म्हणजे १९७० पासून, मोजण्याचा प्रघात पडला आहे. फार तर बेलापूरच्या किल्ल्याचा हवाला देऊन पोर्तुगीज अमदानीपर्यंत मागे जाण्याची तसदी कोणी घेतो. परंतु या मुलखाचे सर्वांत जुने दप्तर पारसिकच्या डोंगरात आहे, आणि ते वाचावयास शिकण्यासाठी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील भूशास्त्र-संग्रहालयासारख्या ठिकाणी निवांत उभे राहावे लागते.

तेथे कपाटातील, पारसिकच्याच जातीच्या काळ्या पाषाणाचा एखादा फोडलेला तुकडा न्याहाळावा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना वायूचे जे बुडबुडे त्यात अडकले, त्यांच्या पोकळीत पुढे खनिजयुक्त पाणी पाझरत राहिले; म्हणून कडेला हिरवट लेप, त्याच्या आत गारेचा पातळ थर आणि मध्यभागी गव्हाच्या पेंढीसारखे जुडीने उभे राहिलेले स्टिल्बाइटचे गुलाबी स्फटिक, अशी त्याची रचना दिसते.

ही संपत्ती जगापुढे आली ती रेल्वेमुळे. १८६३ साली पुरा झालेला बोरघाटाचा लोहमार्ग खोदताना निघालेले ॲपोफिलाइटचे स्फटिक युरोपातील संग्रहालयांत मानाने जाऊन बसले. ज्या मजुरांनी सुरुंग लावून तो कातळ फोडला, आणि ज्यांतील हजारो पटकीने व अपघातांनी दगावले, त्यांची नावे मात्र कोणत्याही नमुन्याच्या चिठ्ठीवर आली नाहीत. वरळीच्या टेकडीतील चिमुकल्या बेडकांच्या जीवाश्मांचे वर्णनही १८४७ साली लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनीच केले. दगड आमचा आणि दाखला परक्याचा, असाच तो काळ होता.

पारसिकचा डोंगर पोखरून १९१६ साली रेल्वेचा बोगदा सुरू झाला, आणि नवे शहर उभे राहू लागल्यावर त्याच्या कडा खडीसाठी खाणवाल्यांच्या हवाली झाल्या. विमानतळासाठी उलव्याची टेकडीही छाटली गेली. खडीयंत्राला स्फटिक आणि कातळ यांतला भेद कळत नाही. एखादा जाणता कामगार चांगली गार बाजूला काढून ठेवतो, ती व्यापाऱ्याच्या हाती जाते आणि बहुधा परदेशी रवाना होते. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय हा त्याला सन्माननीय अपवाद.

म्हणून नवी मुंबईच्या महाविद्यालयांस व महानगरपालिकेस एवढीच विनंती, की या डोंगरांतून निघालेल्या दगडांसाठी एक कपाट राखून ठेवावे, आणि प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर खाणीचे नाव व तारीख न चुकता लिहावी.