तळटीप : मार्क ई. स्मिथ

१४. ‘सॅल्फर्डचा तो तिरसट गायक’ : हा उल्लेख मार्क ई. स्मिथचा (१९५७–२०१८). मँचेस्टरच्या गोदीत कारकुनी करणाऱ्या स्मिथने सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम पाहून १९७६मध्ये मित्रांसोबत ‘द फॉल’ हा बँड काढला. नाव आल्बेर कामूच्या कादंबरीवरून घेतले. रूढ अर्थाने तो गात नसे. तेच ते ठेके आणि गिटारचे तुकडे घोळवत राहणाऱ्या वादनावर तो ठसकेबाज उत्तरी बोलीत अर्धवट बोले, अर्धवट ओरडे. मूळ सहकारी लवकरच पांगले. पुढच्या चार दशकांत साठाहून अधिक वादक आले-गेले. काहींना त्याने काढले, काही कंटाळून गेले. बीबीसीचे निवेदक जॉन पील मात्र अखेरपर्यंत चाहते राहिले. १९७८ ते २००४ या काळात त्यांच्या कार्यक्रमासाठी बँडने चोवीस ध्वनिमुद्रणे केली. १९८८मध्ये नर्तक मायकेल क्लार्कच्या बॅलेला ‘द फॉल’ने रंगमंचावर साथ दिली. शेवटचा अल्बम २०१७चा. त्या वर्षी आजारी स्मिथ चाकांच्या खुर्चीतून मंचावर येत असे. प्रस्तुत लेखकाने त्याला ‘पंक’ म्हटले असले, तरी समीक्षक त्याची गणना पोस्ट-पंकमध्ये करतात. – संपादक