खडू घातलेला पाव

अन्नांत खडू मिसळणें ही एके काळीं इंग्लंडांत उघड लबाडी समजली जाई. अठराव्या शतकांत लंडनच्या पाववाल्यांवर तुरटी व खडू मिसळल्याचा आरोप वारंवार होत असे. त्याच देशांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं सरकारनेंच पिठांत खडू घालण्याचा हुकूम काढला. या हुकुमामागें लहान मुलांच्या हाडांचा प्रश्न होता.

युद्ध पेटल्यावर जर्मन पाणबुड्या धान्याचीं जहाजें बुडवूं लागल्या आणि गव्हाचा दाणा न् दाणा जपणें भाग पडलें. पूर्वीं शंभर भाग गव्हांतून सत्तर ते पंचाहत्तर भाग शुभ्र पीठ निघे. कोंडा जनावरांच्या वाट्यास जाई. १९४२ सालीं ८५ भाग पीठ काढण्याची सक्ती झाली. या पिठाचा करडा 'राष्ट्रीय पाव' लोकांस रुचला नाहीं, तरी जीवनसत्त्वें व लोह त्यांत अधिक होतें. दुधावर मात्र नियंत्रण आलें होतें, आणि तेथील लोकांच्या आहारांत कॅल्शियमचा मुख्य आधार दूधच होतें.

याच सुमारास केंब्रिज येथें रॉबर्ट मॅकॅन्स व एल्सी विडोसन या संशोधकांनीं स्वतःवर व सहकाऱ्यांवर एक कंटाळवाणा पण मोलाचा प्रयोग केला. कांहीं आठवडे पांढरा पाव, कांहीं आठवडे तांबूस पाव, असा क्रम त्यांनीं कित्येक महिने चालविला. पोटांत गेलेलें सर्व अन्न आणि शरीराबाहेर पडलेलें मलमूत्र यांचें पृथक्करण करून त्यांनीं कॅल्शियमचा जमाखर्च मांडला. तांबूस पावांत कॅल्शियम अधिक असूनही शरीरांत तें कमी मुरतें, असें आढळलें. कोंड्यांतील फायटिक आम्ल कॅल्शियमला बांधून टाकतें आणि तें तसेंच बाहेर पडतें. पांढऱ्या पावांत हें आम्ल मुद्दाम घालतांच तोच परिणाम दिसला. उलट, तांबूस पावांत कॅल्शियमचे क्षार मिसळतांच तूट भरून निघाली.

सरकारनें हा निष्कर्ष मानला. २८० पौंडांच्या पोत्यास ७ औंस खडू घालण्याचें प्रमाण प्रथम ठरलें. १९४६ सालीं तें १४ औंस करण्यांत आलें. "आमच्या पावांत चुना कशाला?" अशी तक्रार झाली, पण हुकूम टिकला.

शेजारच्या आयर्लंडांत युद्धकाळीं अख्ख्या गव्हाचें पीठ वापरांत आलें, आणि डब्लिनच्या लहान मुलांत मुडदूस वाढला. कोंडा पुन्हां कमी केल्यावर तो ओसरूं लागला. तेथें ऊन व 'ड' जीवनसत्त्व यांचाही तुटवडा होता. त्यामुळें सारा दोष पिठाच्या माथीं मारणें योग्य नव्हे.

युद्धानंतर याच जोडीनें जर्मनींतील अनाथालयांत पांच प्रकारचे पाव मुलांस देऊन पाहिले. त्या आहारांत कॅल्शियम व आवश्यक जीवनसत्त्वें मिळविलेलीं होतीं. पाव पांढरा असो वा तांबूस, सर्व गटांतील मुलें सारखींच वाढलीं. तसेंच, कोंड्याच्या आहाराशीं शरीर हळूहळू जुळवून घेतें, असें दक्षिण आफ्रिकेंतील संशोधनांतून १९४८ सालीं पुढें आलें.

या इतिहासाचा धडा मराठी घरासही लागू पडतो. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तर तितक्याच गाईच्या दुधांत सुमारें १२०. आंकडा नाचणीचा मोठा. परंतु तींतही फायटिक आम्ल आहे. नाचणी भिजवून मोड आणण्याची किंवा पीठ आंबविण्याची जुनी रीत तें आम्ल कमी करते, म्हणून ती सोडूं नये. ज्यांस दूध सोसत नाहीं, त्यांस कॅल्शियम घातलेलें पेयही उपयोगी पडतें.

अन्न निसर्गतः आलें कीं माणसानें पुष्ट केलें, हा वाद त्या पावानें निकालांत काढला नाहीं. मात्र ताटांत किती आहे याबरोबरच शरीराच्या पदरीं किती पडतें, हेंही मोजावें, एवढें त्यानें शिकविलें.