पेनेलोपी बूथबी : व्यक्तिचित्राकडून प्रतीकाकडे
इंग्लिश चित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्स यांनी १७८८ मध्ये पेनेलोपी बूथबी या सुमारे तीन वर्षांच्या बालिकेचे व्यक्तिचित्र रंगविले. प्रौढ स्त्रीची वाटावी अशी मोठी झालरीची टोपी तिच्या डोक्यावर आहे. पित्याची ही एकुलती कन्या १७९१ मध्ये निवर्तली. अ‍ॅशबोर्न येथील चर्चमधील थॉमस बँक्सकृत संगमरवरी स्मारकात (१७९३) ती निद्रिस्त दिसते. पित्याने १७९६ मध्ये तिच्यावरील शोककाव्येही प्रसिद्ध केली. पुढे जॉन एव्हरेट मिले यांनी रेनॉल्ड्सच्या चित्राच्या धर्तीवर, दुसऱ्याच मुलीला समोर बसवून, ‘चेरी राइप’ (१८७९) रंगविले आणि ‘द ग्राफिक’ साप्ताहिकाने त्याच्या लाखो रंगीत प्रती खपविल्या. टोपी तीच राहिली, मूल बदलले. निरागसतेचे हे प्रतीक पित्याच्या शोकातून व पुढे छपाईच्या बाजारपेठेतून घडले, हे यावरून स्पष्ट होते. प्रत्यक्ष पेनेलोपीविषयी ते फारसे काही सांगत नाही.