बोरूचं तिरकं टोक

नांदेडजवळ विष्णुपुरीच्या धरणावर उभे राहा आणि समोरचं पाणी मनातल्या मनात उपसून टाका. शंकरराव चव्हाणांच्या नावाचा जलाशय गेला, पंप गेले, १९८१चं अभियांत्रिकी महाविद्यालयही गेलं. पायाखाली गोदावरीची वाळू. सन फसली १३४०, म्हणजे आपलं १९३०-३१. राज्य निजामाचं.

गावात शिरा. ओसरीवर कुलकर्णी मांडी घालून बसलेत. "या, टेका," म्हणतात, पण मान वर होत नाही. हातात बोरूची काडी. चाकूनं ती तिरकी तासतात, टोकाला मधोमध बारीक चीर देतात, मग टोक लाकडावर टेकवून एकच घाव. कत बसला. दौतीत शाईनं भिजलेला चिंधीचा बोळा आहे. बोरू त्यावर नुसता टेकवायचा, म्हणजे शाई बेतानं येते. आधी कागदभर आडवी रेघ, मग तिच्याखाली मोडी अक्षरं हात न उचलता धावतात. ओळ झाली की वर चिमूटभर वाळू.

"बघता का लिहून?"

तुम्ही बॉलपेनसारखा दाबता. टोक फाकतं, शाईचा डाग पडतो. कुलकर्णी हसतात, चाकूनं नखाएवढा तुकडा उडवतात आणि बोरू परत देतात. चिमटीत धरता येईनासा होईपर्यंत तो असाच चालतो. ना रिफिल, ना दुरुस्तीचं दुकान. फाउंटन पेनाचं कौतुक करणाऱ्यांनी हे एकदा बघायला हवं, असं मला वाटतं.

आता नांदेडच्या कचेरीत चला. तिथला मुन्शीही बोरूच घासतोय, पण उर्दूत, उजवीकडून डावीकडं. सरकारदरबारची भाषा ती, ओसरीवरची ही. रयतेच्या जमिनी, सारा, वारस दोन्हींत विखुरलेले. काडी तीच, कत ज्याचा त्याचा.

थेट २०२३ला या. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेलीय आणि मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यातली निजामकाळातली दप्तरं सोडली जाताहेत. टेबलावर एक रुमाल उलगडतो. कागद पिवळा, कडा झडलेल्या. अक्षर मात्र काळंभोर, कारण काजळीची शाई उडत नाही. शाई दिसते, पण वाचायची कुणी? मोडीचे जाणकार शोधावे लागतात, उर्दूचे वेगळे.