पातं लोहाराचं, मूठ सुताराची



मागच्या गुरुवारी फ्लॉवरचा टेम्पो घेऊन पुण्याला मार्केट यार्डात गेलतो. दिवे घाट उतरून गुलटेकडीला पोचायला पहाटेचे साडेतीन झाले. तरकारी विभागात माल उतरवला आणि पट्टीची वाट बघत गाळ्यापुढं बसलो. शेजारी एक वयस्कर हमाल मामा पोत्यांच्या सुतळ्या कापत होते. त्यांच्या सुरीकडं लक्ष गेलं. पातं झिजून बोटाएवढं राहिलेलं, पण मूठ मात्र देवळाच्या उंबऱ्यासारखी गुळगुळीत.

म्हणलं, "मामा, सुरी कुठनं घेतली?"

"सुरी हितलीच, पाव्हणं. मूठ माझी हाय. पाती तीन बदलली, मूठ तीच."

मग उजाडेपर्यंत यार्डात फिरलो आणि नुसत्या मुठी बघितल्या. केळीवाल्याच्या कोयत्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी. कलिंगड कापून दाखवणाऱ्याच्या सुरीला चिकटपट्टी. फुलबाजारात गड्ड्या सोडणाऱ्या बाईच्या विळ्याला जुन्या लुगड्याची चिंधी. ज्याच्या त्याच्या मुठीला काहीतरी गुंडाळलेलं. म्हणजे दुकानातनं आलेली मूठ कुणाच्याच हाताला पुरत नाही. आपण ती निमूट चालवून घेतो.

हे मला टोचायचं कारण सांगतो. गेल्या हंगामात माझ्याच रानात फ्लॉवर काढताना एका मावशींच्या सुरीची मूठ निघाली. पात्यामागचं टोकदार शेपूट तळहातात घुसलं. तीन टाके पडले, पंधरा दिवस काम बंद. दवाखान्याचा खर्च मी केला, रोजगार मात्र निम्माच दिला, हेही लिहून ठेवतो. मावशी म्हणाल्या, "दादा, माझाच हात घसरला." हात घसरला नव्हता. मोडलेली मूठ उघडून बघितली, तर शेपूट आत जेमतेम दीड इंच होतं आणि भोक त्याच्या दुप्पट रुंद.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न बसला. पात्याला धार आहे का, हे आपण अंगठ्यावर बघून घेतो. मग मूठ बघायचं कधीपासून सोडलं? आधी हे काम कुणाचं होतं?

एक फार जुना पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात तिथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळात तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. जव पिकवायचे. तांबं थोडं आणि महाग, म्हणून रोजची कापणी गारगोटीच्या लहान लहान पात्यांवर चालायची. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत ओळीनं बसवून डिंक-राळेनं पक्की करत, असं पुरातत्त्वाचे अभ्यासक मानतात. म्हणजे त्या विळ्यात मूठ हाच मुख्य भाग. एक गार तुटली की दुसरी बसवायची, मूठ तीच. मामांच्या सुरीचा हिशेब तीन हजार वर्षांपूर्वीचा निघाला.

पुढं लोखंड आलं. विदर्भात माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी सापडल्या आहेत. त्यांतल्या काहींवर लोखंडी पट्ट्या आडव्या-तिरप्या आवळलेल्या आहेत. त्या कशासाठी? दांडा हलू नये म्हणून. लोखंड हाताशी आल्यावर माणसानं पात्याबरोबर पकडीचीही काळजी केली, याची ती खूण.

तलवारीचंही तसंच. मराठ्यांच्या तलवारींत 'फिरंग' नावाचा प्रकार प्रसिद्ध आहे. पातं युरोपातनं आलेलं, मूठ आपल्याकडची. आपल्या तलवारींची मूठ बसवायला तिच्या पोकळीत लाख भरत आणि त्यात पात्याचं शेपूट दाबत. लाख तापली की मऊ, गार झाली की दगड. पातं मोडलं तर मूठ तापवायची आणि नवं पातं बसवायचं. पातं परक्या देशातनं आलं तरी चालायचं, मूठ मात्र आपल्या हाताच्या मापाची लागायची.

आता गावाकडं येऊ. बलुतेदारीत सुतार आणि लोहार दोघंही थोरल्या कासेतले, म्हणजे खळ्यावर धान्याचा वाटा मोठा असलेले. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' (1915) या पुस्तकात ही सगळी रचना वाचायला मिळते. लोहार फाळ, विळा, खुरपं, कुऱ्हाड घडवायचा. सुताराचं मोठं काम नांगर, कुळव, पाभर आणि गाडीचं. विळ्याची मूठ त्या कामात जाता जाता व्हायची. आमच्या आज्याच्या तोंडून ऐकलेलं आहे, मुठीचे वेगळे पैसे कधी कुणी मागितले नाहीत.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. सुताराला बलुतं मिळायचं वर्षाचं, नगावर नाही. मूठ एकदा बसवली काय आणि पाचदा बसवली काय, धान्य तेवढंच. त्यामुळं मूठ टिकण्यात त्याचाही फायदा होता. आज नगावर पैसे मिळतात. मूठ सहा महिन्यांत निघाली तर विकणाऱ्याचं काहीच बिघडत नाही, उलट दुसरी सुरी खपते.

बलुतेदारी परत यावी असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. जातीनं काम बांधलेलं, मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर, आणि काही जणांच्या वाट्याला राबणूक जास्त, मान कमी. ती गेली ते बरं झालं. फक्त ती जाताना मूठ कुणाच्या पदरात पडली नाही, एवढंच माझं म्हणणं.

कारण काम एकदम गेलं नाही, बाजूनं गेलं. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर गावोगाव गेला आणि रान खोल नांगरता येऊ लागलं. चांगलंच झालं. पण लाकडी नांगराचं काम हळूहळू सुताराच्या हातनं सुटलं. पुढं रबरी टायरची गाडी आली, ट्रॅक्टर आला. सुतार दारं-खिडक्यांकडं वळला, शहरात फर्निचरला गेला. मोठं काम गेल्यावर त्याच्या कडेला होणारी मूठ कोण करणार? लोहार म्हणतो, मी पातं देतो. दुकानदार म्हणतो, मी आलेला माल विकतो.

ऊसतोडीत तर नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. टोळी मोजायची तीही कोयत्यांवर. त्या नावात पातं आहे, पण ते धरणारे चार हात नाहीत. गड्याचा पंजा मोठा, बाईचा लहान, तरी दोघांच्या कोयत्यांना मूठ एकाच मापाची.

असो. बोलून टाके भरत नाहीत, म्हणून यंदा मूठ स्वतः केली. कशी केली ते लिहितो, कुणाला उपयोगी पडेल.

पातं आधी. रस्त्याकडंला घिसाड्यांची पालं उतरली होती. बाप भट्टीपुढं, माय घण मारतीय. ट्रकच्या पाट्याचं पातं करून घेतलं आणि एकच अट घातली : शेपूट मुठीपेक्षा पाव इंच लांब पाहिजे.

लाकूड बांधावरच्या बाभळीचं. वर्षभर सावलीत वाळलेलं. सालीजवळचं पांढरं लाकूड काढून टाकलं, त्याला कीड लागते. आतला तांबूस गाभा घेतला. धामण, तिवस, शिसवही चालतं. ओलं लाकूड घेऊ नका. वाळताना ते आकसतं, चिरतं आणि मूठ ढिली पडते.

भोक शेपटापेक्षा बारीक पाडलं. शेपूट लालभडक करून एकदम आत घालायची जुनी सवय आहे, पण त्यानं आतलं लाकूड जळून कोळसा होतो आणि पुढं तो झडतो. म्हणून थोडंच तापवून वाट केली, शेवटचा इंचभर थंड ठोकला. तोंडाला पाइपच्या तुकड्याची कडी बसवली म्हणजे लाकूड फाटत नाही. फटीत लाख आणि विटेची पूड भरली. नसेल तर दोन ट्यूबा कालवून लावतात ते इपॉक्सी चालेल. मागनं बाहेर आलेल्या टोकावर वायसर टाकून टोक ठोकून पसरवलं. आता मूठ ओढून निघत नाही.

आकार गोल नाही ठेवला, अंडाकृती ठेवला. गोल मूठ ओल्या हातात फिरते. मागं थोडं बोंड ठेवलं म्हणजे हात सुटत नाही. माप मावशींच्या हाताचं घेतलं : मूठ आवळल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकायला पाहिजेत.

घासायला आधी फुटक्या काचेची धार, मग जाड आणि शेवटी बारीक पॉलिश पेपर. एकदा ओल्या फडक्यानं पुसून वाळू दिलं. तंतू उभे राहतात, ते परत घासले.

वरनं वार्निश नको. घामात ते निसटतं आणि हाताला फोड आणतं. आपल्याकडं जवस आहे की. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतं. करडईचं त्याहून सावकाश. शेंगदाणा आणि एरंडेल तसं सुकत नाही, चिकट राहतं. पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा आणि पुरतं वाळल्यावर दुसरा हात द्या. घाण्याच्या कच्च्या तेलाला आठवडाही लागतो. मी असे चार हात दिले. आणि हे विसरू नका : जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आतनं तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवा, नाहीतर बाहेर दोरीवर पसरून वाळवा.

खर्च म्हणाल तर घिसाड्याची मजुरी, एक वायसर आणि वाटीभर तेल. वेळ म्हणाल तर दोन संध्याकाळी आणि वाळण्याचा महिना.

परवा मावशींच्या हातात सुरी दिली. त्यांनी दोन गड्डे काढले, मूठ उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, "दादा, ही माझी. दुसऱ्या कुणाला देऊ नका." टाक्यांचा वण अजून तळहातावर आहे. राहिलेला निम्मा रोजगार त्याच दिवशी दिला.

तर मंडळी, हंगाम सुरू व्हायच्या आधी घरातली सगळी हत्यारं एकदा पसरा. धार नंतर बघा. आधी मूठ धरून ओढून बघा, हलतीय का ते.