नाताळच्या सुटीतला हिशेब

महाडच्या सत्याग्रहावर बोलायला कुणी उभा राहिला, की बहुधा तो आपल्या आजोबांपासून सुरुवात करतो. आजोबा महाडला होते, त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांच्या डोक्यात काठी बसली. हे ऐकताना मी अनेक वर्षे गप्प बसत आलो. कारण माझे आजोबा महाडला नव्हते. ते त्याच कुलाबा जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या जिते गावचे. मुंबईच्या गोदीत हमाली करीत. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री महाडला मनुस्मृती जळत होती, तेव्हा ते जित्याला आपल्या झोपडीत चुलीपुढे बसून सरत्या वर्षाचा हिशेब करीत होते. तो हिशेब आजीने पुढे पन्नास वर्षे तोंडपाठ ठेवला. मला त्याविषयी लिहायचे आहे.

आधी नाताळविषयी. आमच्या घराण्यात ख्रिस्ती कुणी नाही. तरी आजीच्या तोंडी नाताळ हा शब्द दिवाळीइतकाच सहज येई. साहेबाच्या राज्यात नाताळला कोर्टकचेऱ्या आणि शाळा बंद असत, आणि गोदीतल्या माणसाला, बिनपगारी का होईना, गावी यायला सवड मिळे. म्हणून या देशातल्या मोठ्या परिषदा याच आठवड्यात भरत. १९२७ च्या नाताळात मद्रासला डॉ. अन्सारींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली आणि तिने संपूर्ण स्वातंत्र्य हे ध्येय म्हणून मान्य केले. त्याच दिवसांत महाडला बहिष्कृतांची परिषद भरली होती आणि ती एका तळ्यावरचा हक्क मागत होती. एकाच आठवड्यातल्या या दोन मागण्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, की स्वातंत्र्य कुणाचे, हा प्रश्न वेगळा विचारावा लागत नाही.

त्या वर्षाचा सार्वजनिक इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, पण ते कागदावरच. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद झाली, बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि मग मार खाल्ला. वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई त्याला पुरेशी झाली. सनातन्यांनी शेणगोमूत्राच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. त्यानंतर इतिहास एकदम डिसेंबरवर येतो.

मधल्या नऊ महिन्यांचे काय? मार्चच्या परिषदेने लोकांना मेलेल्या ढोराचे मांस टाका, उष्टे मागणे टाका, असे सांगितले होते. हे सांगणे मंडपातल्या माणसांपुरते नव्हते, ते घराघरांत गेले. आणि जिथे ते पाळले गेले तिथे गावाने बहिष्काराचे शस्त्र काढले, कसायला दिलेल्या जमिनी काढून घेतल्या. बाबासाहेबांनी हे स्वतः नोंदवले आहे. पण ती नोंद एखाद्या वाक्याची असते. घरात ते वाक्य वर्षभर चालते.

आमच्या घरात ते असे चालले. एप्रिलच्या अखेरीस मुंबईहून आलेल्या एका माणसाने जित्याला निरोप आणला, की आता ढोर ओढायचे नाही. आजोबांचे वडील म्हातारे होते. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी बोलावणे आले तेव्हा ते उठले नाहीत. मृगाच्या तोंडावर अर्धेलीने केलेला खारपाटातला तुकडा आम्हांला मिळाला नाही. कुणी भांडले नाही, कुणी काठी उगारली नाही. ‘यंदा दुसऱ्याला दिला’ एवढेच सांगितले गेले. सुगीला बलुते आले नाही. श्रावणात पाच वर्षांची थोरली मुलगी तापाने गेली. कार्तिकात माझे वडील जन्मले. त्या मुलाचे तोंड आजोबांनी पाहिले ते नाताळातच.

२४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोट बाबासाहेबांना आणि सुमारे दोनशे प्रतिनिधींना घेऊन दासगावकडे निघाली. धरमतरची वाट जवळची होती. पण धरमतर ते महाड मोटारवाल्यांनी ऐनवेळी बहिष्कार टाकला असता तर मधेच अडकून पडावे लागले असते. दासगावहून महाड पाच मैल, चालत गाठता येई. त्याच दिवशी माझे आजोबा धरमतरच्या बोटीत बसले. धरमतरला उतरून वडखळ, पेण करीत ते पायी जित्याला आले. महाडला परिषद आहे, हे त्यांना ठाऊक होते. गोदीत वर्गणी गोळा झाली होती, तीत त्यांचे चार आणे होते. जायचे का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला होता. सुटी चार दिवसांची, आणि गाठीला महाडचे किंवा घरचे, एकच भाडे.

त्या रात्री चुलीपुढे हिशेब झाला. आजी तो सांगे तेव्हा बोटे मोडीत सांगे. “पोर गेली. पोर आला. श्यात गेला. बलुता गेला. ढोर वढायचा गेला.” मी लहानपणी विचारले होते, की ढोर ओढायचे गेले हे कशात धरायचे, मिळाले त्यात की गेले त्यात? आजी म्हणाली, “तवा गेल्यात धरला व्हता. तांदूळ नव्हता ना घरात. मिळाल्यात धरायला लय वर्सा लागली.”

त्याच रात्री महाडला फत्तेखान यांनी दिलेल्या जागेतल्या मंडपापुढे खणलेल्या वेदीत मनुस्मृती ठेवून जाळण्यात आली. दहनाचा ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला आणि राजभोज यांनी त्याला अनुमोदन दिले. तळे खाजगी आहे असा दावा करून सनातन्यांनी कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आधीच मिळवला होता. तरीही ३८८४ लोकांनी तुरुंगात जायच्या तयारीने आपली नावे नोंदवली. अखेर बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित केला. मिरवणूक तळ्याभोवती फिरून परतली, पाण्याला कुणी हात लावला नाही. पुढे तो दावा मुंबई हायकोर्टात निकाली निघाला तो १७ मार्च १९३७ रोजी, आणि तळे सार्वजनिक ठरले.

आठवडाभराने परतीच्या वाटेवरचा कुणी एक जण पेणला भेटला आणि बातमी जित्याला आली. आजीने पहिला प्रश्न विचारला, “पाणी प्याले का?” नाही, असे कळल्यावर तिला वाईट वाटले. पुस्तक जाळले, हे तिला नीट कळले नाही. मनूचे नाव तिने ऐकले नव्हते. तो ग्रंथ आमच्या वस्तीत कधी आलाच नव्हता, त्याचा कायदा मात्र रोज येत होता. बाबासाहेबांनी महाडला बायकांना नीटनेटके लुगडे नेसा, मुलींना शाळेत घाला असे सांगितले, ही बातमी मात्र तिला लगेच कळली. गेलेल्या मुलीची तेव्हा तिला फार आठवण आली, असे ती सांगे. तिच्यानंतरच्या दोन्ही मुलींना तिने चौथीपर्यंत शिकवले.

आता प्रश्न आपल्या इतिहासलेखनाचा. आपण सभा, ठराव, सह्या, दावे यांचा इतिहास लिहिला, आणि तो लिहिणे आवश्यकच होते, कारण प्रस्थापितांनी तोही लिहिला नसता. पण त्यामुळे महाडला जो होता तो वारसदार आणि नव्हता तो बघ्या, अशी एक वाटणी आपल्यातही झाली. ती खोटी आहे. महाडच्या ठरावाची किंमत मंडपात भरली गेली नाही. ती खारपाटातल्या तुकड्याने भरली, रिकाम्या कणगीने भरली, आणि मुख्यतः बायकांनी भरली, ज्यांची सही कुठल्याच यादीवर नाही. जे महाडला गेले त्यांच्याही घरी कुणीतरी मागे राहिलेच होते. सत्याग्रहींची यादी जपणाऱ्या कार्यकर्त्याने आपापल्या गावचा हा दुसरा हिशेबही विचारून ठेवावा. विचारायची माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत. त्यांच्याकडून ऐकलेली माणसे आहेत, तीही म्हातारी झाली.

महार वतन कायद्याने गेले १९५९ साली. आजीने तो दिवस पाहिला. तिच्या हयातीत आमच्या घरी नाताळची रात्र हिशेबाची रात्र म्हणून राहिली. आज २५ डिसेंबर अनेक ठिकाणी भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. आम्ही मुंबईहून पनवेल-रोहा मार्गाच्या गाडीने जिते स्टेशनवर उतरतो, रात्री एकत्र बसतो, आणि वर्षात कोण आले, कोण गेले, काय सुटले, हे बोटे मोडून सांगतो. सुरुवात १९२७ पासून करतो. पहिली ओळ अजून तीच आहे, पोर गेली.